कोंबड्याला सांग

लग्न होऊन कळंबला आले ते पहिले दिवस मला धड आठवत नाहीत. आठवतात ते धुक्यातून बघितल्यासारखे. याला कारण प्रेमबीम काही नव्हतं, झोप होती. मी जात्याच झोपाळू. माहेरी, डिंगोऱ्याला, आई म्हणायची, ही पोर चालता चालता झोपते. सासरी मात्र सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायची, पाणी तापवायचं, असं मी माझं मीच ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. नव्या सुनेला असल्या शहाणपणाची हौस असते. त्यामुळे मी उठलेली असायचे, पण जागी नसायचे. नऊ वाजता परसातल्या मोरीवर भांडी घासायला बसले, की हात आपोआप चालायचा आणि मी कुठल्या कुठे पोचलेली असायचे. घोडनदीकडून येणारा गार वारा, ओल्या राखेचा वास, आणि डोळ्यांपुढे आमच्या डिंगोऱ्याचे डोंगर.

अशाच एका सकाळी शेराच्या कुंपणापलीकडून आवाज आला.

"गप बस की मेल्या! जरा माणसाचा डोळा लागू देशील का न्हाई? सकाळधरनं नुसता कालवा लावलाय!"

मी खडबडून जागी झाले. हातातलं पातेलं तसंच धरून बसले. पलीकडे शेजारच्या काकी होत्या, माझ्या सासूबाईंच्या चुलत जाऊबाई. परसात त्यांच्यासमोर कुणी नव्हतं. कुंपणावर आमचा कोंबडा बसला होता, तांबडा, शेपटीला काळी-हिरवी झाक, तुरा एका अंगाला कललेला. पण कोंबड्याला कोण कशाला बोलेल? लेकी बोले सुने लागे, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते. आमच्याकडे म्हशीला शिवी दिली, तरी आधी सून कावरीबावरी होते. कालवा कुणाचा? माझ्या भांड्यांचा. मग बोलणं कुणाला? मला.

पुढे महिनाभर मी भांडी अशी घासली, जणू ती चोरून आणली आहेत. मोरीत खाली पोतं अंथरायचे, ताटावर ताट ठेवताना मध्ये फडकं घालायचे, परातीला तर हातच लावायचे नाही. तरी पलीकडून रोज बोलणं यायचंच. "पुन्ना सुरू झालं का तुझं? जीव जात न्हाई का एकदाचा!" माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. मी तशी तापट आहे, पण तो ताप नव्या नवरीच्या पदराखाली झाकून ठेवला होता.

शेवटी सासूबाईंनीच विचारलं. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आत्या म्हणाल्या, "भांडी अशी का घासतीस गं, आजारी माणसाचं अंग पुसल्यागत?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या आधी ऐकत राहिल्या, मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसू आवरेना.

"अगं बाय माझे, ते तुला न्हाई. ते मला हाय."

तेव्हा मला सगळी हकीकत कळली. आत्या आणि काकी दोघी निमगाव सावाच्या. एका आळीत वाढलेल्या, एका विहिरीवर धुणं धुतलेल्या. एकाच उन्हाळ्यात दोघींची लग्नं झाली, आणि दोन चुलत भावांच्या घरात दोघी कळंबला आल्या. पंचवीस वर्षं त्या कुंपणाला मध्ये एक फट होती. त्यातून भाकरी, विरजण, लहान पोरं, सगळं इकडून तिकडे जायचं. मग काकांना चाकणकडच्या एका कंपनीत रात्रपाळी लागली. सकाळी कंपनीची बस त्यांना फाट्यावर सोडायची. चहा पिऊन ते आडवे व्हायचे, आणि नेमका तेव्हाच आमचा कोंबडा त्यांच्या खिडकीसमोरच्या कुंपणावर चढायचा. कोंबडा फक्त पहाटे आरवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कोंबडा पाळलेला नसतो.

काकांनी काय करावं? त्यांनी ते गाऱ्हाणं मारुतीच्या पारावर चार माणसांत मांडलं. माणसं पोट धरून हसली. कुणी म्हणालं, कोंबडं झाकून ठेवा. कुणी म्हणालं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? एक म्हातारबाबा जाणते होते, त्यांनी सांगितलं, बुटक्या डालग्याखाली ठेवा. मान ताठ करता आली नाही, की कोंबडा आरवत नाही. हे सगळं आत्यांच्या कानावर आलं आणि त्या पेटल्या. डालग्याचं ऐकून म्हणाल्या, "मान वर न करता जगायचं व्हय त्यानं?" पण खरा घाव निराळा होता.

"तिनं कुंपणावरनं नुसती हाक मारली असती ना," त्या मला म्हणाल्या, "तर त्याच दिवशी कापून तिलाबी वाटीभर रस्सा दिला असता. माझं गाऱ्हाणं चार माणसांत? आता म्हातारा व्हऊन मरंल, पर मी कापायची न्हाई."

त्या तिरीमिरीत त्यांनी कुंपणाशी जाऊन काकींना सुनावलं होतं, झोप येत नसेल तर नवऱ्याला अफू चार. काकींना तर नवरा पारावर गेल्याचंही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून अबोला. कुंपणाची फट काट्या घालून बुजवली. हे सगळं माझ्या लग्नाच्या वर्षभर आधीचं.

तर अबोला होता, पण बोलणं चालू होतं. ते फक्त कोंबड्याशी.

हे लक्षात आल्यावर मी भांडी पुन्हा मनासारखी आपटायला लागले, आणि घासता घासता ऐकायला. पलीकडून काकी म्हणायच्या, "वरडू नको रं, आत्ताशी पाठ टेकलीया त्यांनी." इकडून आत्या सुपातले दाणे टाकत म्हणायच्या, "गप रं बाबा. लोकांच्यात राजे झोपल्यात." सुरुवातीला त्यात मिरची होती. मग हळूहळू मिरची कमी होत गेली. एकदा आत्यांना दोन दिवस ताप होता. कोंबडी सोडायला मी गेले, तर पलीकडून आवाज, "काय रं, दोन दिस तुला दाणं कोण टाकतंय? मालकीण कुठं गेली तुझी?"

मी आत जाऊन सांगितलं. आत्या गोधडीतून म्हणाल्या, "कोंबड्याला सांग, ताप व्हता. आता उतारलाय."

मी बाहेर आले. समोर कोंबडा, पलीकडे काकी पाठमोऱ्या उभ्या. बारावी पास झालेली मी बाई, पदर सावरून कोंबड्याला म्हणाले, "ताप होता. आता उतरलाय." कोंबड्यानं एक डोळा माझ्याकडे फिरवला. तासाभरानं कुंपणाच्या दगडावर झाकलेला तांब्या दिसला, आणि पलीकडून शब्द आले, "कोंबड्यासाठी ठिवलंय." आत हुलग्याचं माडगं होतं, गरम, लसणाच्या फोडणीचं.

"कोंबडं माडगं पितंय व्हय कधी?" आत्या म्हणाल्या, आणि तांब्या पुसून निघेल असा रिकामा केला.

त्या दिवसांतल्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. दोन्ही घरं एका माणसाच्या झोपेभोवती हळूहळू चाललेली. कांद्याच्या पातीचा वास, विहिरीवरच्या मोटारीची लांबून येणारी घुमघुम, शेराच्या काड्यांवर स्थिर ऊन. मी ओसरीवर ज्वारी निवडत बसायचे आणि निवडता निवडता पेंगायचे. त्या पेंगेत दोन बायकांचं बोलणं यायचं, एकीचं इकडून, एकीचं तिकडून, मध्ये कोंबड्याचं कुकूचकू. कोण काय बोललं आणि मला काय स्वप्नात ऐकू आलं, याचा हिशेब आता लागत नाही. निमगावच्या कुणा म्हातारीची आठवण निघायची. चिंचेखाली सापडलेल्या कुणाच्या पैंजणाची गोष्ट एकीनं अर्धी सांगितली, की दुसरी उरलेली अर्धी सांगायची, दोघीही कोंबड्याला. त्याच्याइतकं निमगाव सावा त्या गावच्या तलाठ्यालाही माहीत नसेल.

काकींच्या लेकीचं लग्न ठरलं तेही कोंबड्याला आधी कळलं. "पावणं चांगलं हाईत रं. शेती हाय, पोरगं शिकल्यालं हाय." अक्षता द्यायला काकी कुंपणापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "लग्नाला ये रं बाबा. घरच्यांनाबी आण." आत्या लग्नाला गेल्या. दिवसभर मांडवामागे बसून पुऱ्या लाटल्या. काकी त्यांच्या शेजारी बसून तळत होत्या. पुरी या हातातून त्या हातात जात होती, आणि दोघींच्या तोंडातून शब्द नाही. तिथं कोंबडा नव्हता ना.

मी एकदा न राहवून म्हणाले, "आत्या, एकदाचं बोलून का टाकत नाही?"

"कुणी आधी बोलायचं?"

"तुम्ही बोला."

"मी का म्हणून?"

खरं तर मला घाईही नव्हती. चाललं होतं ते बरं चाललं होतं. एवढं मात्र मला दिसत होतं, की त्या दोघींमध्ये आता धागा म्हणून एवढाच उरला आहे, तुरा कललेला आणि पायात माती भरलेला. हे दिसत असूनही पुढे मी जे केलं, ते माझ्याच हातानं केलं.

पावसाळ्यात एका दुपारी काका आमच्या ओसरीवर आले. डोळे लाल, गाल बसलेले. काका वाईट नव्हते. झोपेला मुकलेला माणूस होता, आणि झोपेची किंमत माझ्याइतकी कुणाला कळणार? माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भाऊ, मशीनवर डोळा लागला माझा. सायबानं बघितलं. पुन्ना घावलो तर घरी बसवत्याल. आता एक तर तुमी त्याचा बंदोबस्त करा, न्हाई तर मी दगड घालतो."

आत्या आतून ऐकत होत्या. कापायचा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा माझं शहाणपण जागं झालं. मी दाराआडून म्हणाले, पंचमीला मी माहेरी निघालेच आहे, कोंबडा डिंगोऱ्याला नेऊन सोडते. कापायला नको, विकायला नको. काकांनी हात जोडले. नवरा म्हणाला, हे आधीच सुचायला पाहिजे होतं. त्या दिवशी घरात सगळे म्हणाले, सून डोक्यानं हुशार आहे. निघायच्या सकाळी आत्यांनी जुन्या लुगड्याची मऊ चिंधी फाडून कोंबड्याचे पाय स्वतः बांधले, फार आवळले नाहीत ना ते बोट घालून बघितलं, आणि पिशवी माझ्या हातात दिली. पलीकडे काकी कपडे वाळत घालत होत्या. तोच एक परकर त्यांनी तीनदा झटकला.

आळेफाट्याला गाडी बदलताना पिशवीतून तो स्टँडभर ऐकू जाईल असा आरवला. लोक हसले. मीही हसले. मला वाटत होतं, मी एक भांडण मिटवून निघाले आहे.

परत आले तर परस शांत होतं. काका घोरत होते. ते घोरणं आता कुंपणापलीकडून स्वच्छ ऐकू यायचं. पहिले चार दिवस सगळ्यांनाच बरं वाटलं. मग माझ्या ध्यानात आलं, की ओसरीवर मला पेंग येईनाशी झाली आहे. ऐकायला काही नव्हतं. काकी दुपारी कुंपणाशी यायच्या, शेराच्या काड्यांवर हात ठेवून उभ्या राहायच्या, आणि जायच्या. आत्या सूप घेऊन कोंबड्यांना दाणे टाकायच्या. कोंबड्या होत्या की सहा-सात, पण कोंबड्यांशी बोलायचं त्यांना जमेना. एकदा मी पलीकडून पुटपुटणं ऐकलं, "अगं ये तांबडे..." आणि तेवढ्यावरच थांबलं. एकमेकींशी सरळ तोंडानं बोलायची दोघींची सवय मोडली होती, आणि दुसरी वाट मी पिशवीत घालून एसटीनं पाठवून दिली होती.

असा दीड महिना गेला. मग एक दिवस आत्या गिरणीतून दळण न घेताच परत आल्या. डबा तिथंच राहिला होता. ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "दसरा झाला की ती जाणार."

काकींच्या मुलानं भोसरीला दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथून काकांना कंपनी जवळ पडणार होती. घराला कुलूप, शेत वाट्यानं. हे सगळ्या गावाला माहीत झालं होतं, आणि आत्यांना गिरणीत, तिसऱ्याच बाईकडून कळलं.

"चाळीस वर्सं झाली तिला वळखतीया," आत्या म्हणाल्या. "आन् मला सांगायला तिच्याकडं कोंबडंबी ऱ्हायलं न्हाई."

त्यांनी हे माझ्याकडे बघून म्हटलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी तिथं उभी होते आणि मला माझीच लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी आईला बरं नाही असं खोटं सांगून मी डिंगोऱ्याची गाडी धरली.

परसात, गोठ्यात, उकिरड्यावर, सगळीकडे बघितलं. कोंबडा दिसेना. वहिनी भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "ताई, किती दिस ठिवायचा? श्रावण सरला आन् पावणं आलं. केला रस्सा. लई चिवट निघाला बगा."

मी तिथंच चुलीपुढे बसले आणि मोठ्यानं रडले. वहिनी घाबरली. कोंबड्यासाठी एवढं रडणारी बाई तिनं बघितली नव्हती. भावानं समजूत काढली, ओतूरच्या बाजारात नेलं, आणि तिथं मी अर्धा दिवस कोंबडे बघत फिरले. शेवटी एक मिळाला. तांबडा, शेपटीला काळी-हिरवी झाक. तुरा ताठ होता, पण तो बोटानं दाबत दाबत आणला तर कलेल, असं मी स्वतःला सांगितलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशातली गत.

संध्याकाळी घरी पोचले. "आणला त्याला परत," एवढंच आत्यांना म्हणाले. त्यांनी पिशवीत वाकून बघितलं. कोंबडा खुराड्यात गेला.

सकाळी मी मोरीवर भांडी घेऊन बसले. हात चालेना. नदीकडून धुकं आलं होतं, कुंपण अर्धं दिसत होतं, अर्धं नव्हतं. आत्या सूप घेऊन उभ्या. कोंबडा जरा इकडेतिकडे फिरला, मग उडून कुंपणावर चढला आणि त्यानं बांग दिली. खणखणीत, एका दमात.

पलीकडे दार वाजलं. काकी जवळजवळ धावत आल्या. कुंपणाशी थांबल्या. तो दुसऱ्यांदा आरवला. काकी मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी कोंबड्याकडे बघितलं नाही. बुजवलेल्या फटीवरून त्यांनी सरळ आत्यांकडे बघितलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "ह्यो आपला न्हाई."

माझ्या हातातलं पातेलं निसटलं. कुणी वळून बघितलं नाही. आत्यांनी सूप खाली ठेवलं.

"न्हाईच," त्या म्हणाल्या. "आपल्याचा आवाज फाटका व्हता."

"शेवटाला वढायचा बघ तो. म्हाताऱ्यानं उठताना कण्हावं तसा."

"व्हय गं. तसाच."

"ह्याला तर काय, गळाच गळा हाय नुसता."

"मला काल पिशवीतच कळलं," आत्या म्हणाल्या. "पर म्हनलं, तू काय म्हनतीस ते बघू."

मग दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या. काकींनी कुंपणातली एक काटी उपसून बाजूला टाकली, मग दुसरी, आणि पदर सावरत अर्ध्या आत आल्या.

"खरं सांग गं, काय केलंस आपल्या कोंबड्याचं?"

मी सांगितलं. श्रावण, पाव्हणे, रस्सा, सगळं.

"खाल्ला?" काकी ओरडल्या. घरात काका झोपलेत हेसुद्धा विसरल्या. "आमचा म्हातारा जीव, आन् पावण्यांच्या ताटात वाढला?"

"हिच्या माहेरची मानसं लई प्रेमळ," आत्या म्हणाल्या. "दारात आलेल्याला काय बी वाढत्यात."

"आन् वर दुसरा आणून आमाला फसवती व्हय गं? आमी काय आंधळ्या हाय का भैऱ्या?"

"शिकल्याली हाय ना. बारावी."

"म्हनूनच!"

दोघी ओट्यावर एकमेकींना खेटून बसल्या आणि मला बोलत राहिल्या. एकीचं संपलं, की दुसरी सुरू करायची. दसऱ्याला तीन आठवडे होते. मी मान खाली घालून मोरीवर बसले होते, डोळ्यांतलं पाणी पातेल्यात पडत होतं, आणि मनात म्हणत होते, बोला, अजून बोला.